‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणाले की आधी विचारा, कॉम्प्रेसरचं नेमकं काय गेलं?

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या गाडीचा एसी बंद पडला. अकोल्याचा एप्रिल, दुपारी दोन वाजता स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो, आणि घरात लहान मूल. गाडी २०१२ ची, पेट्रोल हॅचबॅक, लाखभर किलोमीटर झालेली. आधी आठवडाभर नुसतं इंजिन चालू केलं तरी घर्र घर्र आवाज यायचा, एसी लावला की आवाज थोडा बदलायचा, आणि मग एक दिवस थंड हवा यायचीच बंद झाली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर त्यांनी बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, नवीन टाकावा लागेल, गॅस-मजुरी धरून २२ हजार.

मी गाडी परत आणली. दुसऱ्या दिवशी एका एसीवाल्या मेकॅनिककडे गेलो, पत्र्याच्या शेडमध्ये फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतो तो. त्याने बेल्ट काढला, कॉम्प्रेसरची पुली हाताने फिरवली, खरखर आवाज आला आणि पुली चक्क डुगडुगत होती. मग पुलीच्या पुढची प्लेट हाताने फिरवली तर ती एकदम सुतासारखी फिरली. म्हणाला, "भाऊ, कॉम्प्रेसर चांगला आहे तुमचा, बेअरिंग गेलं, आणि त्या बेअरिंगच्या गरमीने कॉइल जळली." बेअरिंग, कॉइल आणि मजुरी मिळून २,९०० रुपये झाले, गॅस काढायलाही लागला नाही. एसी आजपर्यंत व्यवस्थित चालू आहे.

त्यानंतर मी या विषयात बराच शिरलो, मेहुण्याच्या गाडीचा कॉम्प्रेसर तर पूर्ण बदलला तेव्हा सगळ्या कामाला शेवटपर्यंत उभा होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. उन्हाळ्यात घाईघाईत लोक वीस-वीस हजार देऊन येतात त्याचं खरंच वाईट वाटतं.

आधी कॉम्प्रेसर म्हणजे काय काय ते बघा

बाहेरून एकच वस्तू दिसते पण आहेत दोन. मागचा अॅल्युमिनियमचा गोळा म्हणजे खरा कॉम्प्रेसर, गॅस दाबणारा. आणि त्याच्या तोंडावर बसवलेला मॅग्नेटिक क्लच, म्हणजे पुली, पुलीतलं बेअरिंग, मागे तांब्याची कॉइल आणि पुढे क्लच प्लेट. इंजिन चालू असलं की पुली बेल्टवर कायम फिरते, एसी बंद असला तरी. एसीचं बटण दाबलं की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात, ती चुंबक बनते, प्लेट पुलीला ‘टक’ करून चिकटते आणि मग आतला कॉम्प्रेसर फिरायला लागतो. म्हणजे पुलीचं बेअरिंग हे गाडी चालू असताना प्रत्येक मिनिट फिरतंय, ते आधी झिजणार हे साहजिक आहे, आणि ते, कॉइल आणि प्लेट असं सगळं गॅसच्या बाहेर आहे. गॅसचा पाइप न खोलता बदलता येतं.

काही नवीन गाड्यांत क्लचच नसतो, पुली आणि शाफ्ट कायम एकत्र फिरतात आणि आतल्या कंट्रोल व्हॉल्व्हने थंडावा कमी-जास्त होतो. तुमची तशी असेल तर खालच्या क्लचच्या टेस्ट लागू होणार नाहीत. आणि हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हात लावूच नका, तिथे कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि तेलही वेगळं लागतं, चुकीचं तेल गेलं तर करंट बॉडीत उतरू शकतो.

बिघाड शोधायचा कसा

गाडी सावलीत लावा, इंजिन चालू, एसी फुल, आणि दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगून तुम्ही बॉनेटपाशी उभे राहा. ओढणी, सैल बाही, लोंबणारं काही अंगावर नको, बेल्ट आणि फॅन जवळ असतात.

‘टक’ आवाज आला आणि पुढची प्लेट पुलीबरोबर फिरायला लागली तर क्लच ठीक आहे. टक आवाज आलाच नाही तर लगेच कॉम्प्रेसरला दोष देऊ नका. आधी फ्यूज बघा, मग एसीचा रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच नंबरचा असतो, दोन्हीवरचा नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा, शंभर-दीडशे रुपयांत काम होऊन जातं कधी कधी. रिले ठीक असेल तर कॉइलच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावा. १२ व्होल्ट येत असतील आणि तरी प्लेट चिकटत नसेल तर दोष कॉइलचा किंवा गॅपचा. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ५ ओहम यायला पाहिजे, मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. १२ व्होल्टच येत नसतील तर गॅस कमी असणार किंवा प्रेशर स्विच, वायरिंग, सेन्सर यातलं काहीतरी, कारण गॅस एका पातळीच्या खाली गेला की गाडी स्वतःच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही, तेल न मिळून तो जळू नये म्हणून.

एक प्रकार फार फसवतो. सकाळी एसी मस्त चालतो, दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडतो, गाडी थंड झाली की परत चालू. याला गॅस कमी, कॉम्प्रेसर कमजोर असं काहीही सांगतात. पुष्कळदा कारण असतं प्लेट आणि पुलीमधला गॅप. प्लेट झिजून गॅप वाढलेला असतो आणि गरम झालेल्या कॉइलची ओढ कमी पडते. हा गॅप साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावा लागतो, फिलर गेजने (पातळ पात्यांचं माप) मोजायचा. प्लेटचा मधला बोल्ट काढला की आत पातळ वॉशर असतात, शिम म्हणतात त्यांना, त्यातला एखादा कमी केला की गॅप बसतो. खर्च शून्य. ते वॉशर नखाएवढे असतात, खाली पडून हरवू देऊ नका.

आता आवाज. एसी बंद असताना पण घरघर येते म्हणजे पुलीचं बेअरिंग, किंवा बेल्टवरचा आयडलर (बेल्टला आधार देणारी पुली) किंवा अल्टरनेटर पण असू शकतो, म्हणून बेल्ट काढून एकेक पुली हाताने फिरवून बघायची. एसी लावल्यावरच खडखड येते आणि बंद केला की थांबते, तर आतून कॉम्प्रेसर खराब असण्याची शक्यता जास्त. आणि एसी लावताच बेल्ट किंचाळतो, रबर जळल्याचा वास येतो, इंजिन दबतं, तर कॉम्प्रेसर जाम होतोय, लगेच एसी बंद करा. इंजिन बंद करून प्लेट हाताने फिरवा. चांगला कॉम्प्रेसर थोडा जोर लावून पण सलग फिरतो, अडकत नाही. फिरतच नसेल किंवा मध्येच खट खट अडकत असेल तर आतून गेला.

टक होतंय, आवाज नाही, पण थंड नाही, तर गेज (प्रेशर मोजायचा मीटर) लावायला लागतो. इथे एसीवाल्याकडेच जा पण आकडे समजून घ्या. इंजिन बंद असताना, ३०-३५ डिग्री तापमानाला, आर-१३४ए गॅसचं दोन्हीकडचं प्रेशर साधारण ९५ ते ११५ पीएसआय असतं. बरंच कमी दिसलं तर गॅस गेलाय. चालू केल्यावर लो साइड (कॉम्प्रेसर गॅस ओढतो ती बाजू) २५ ते ४५ च्या आसपास उतरायला पाहिजे आणि हाय साइड (दाबलेला गॅस बाहेर पडतो ती) दीडशे ते अडीचशेच्या आसपास चढायला पाहिजे, उन्हाप्रमाणे कमी-जास्त. गॅस पुरेसा असून, प्लेट फिरत असूनही दोन्ही काटे जागचे हलत नाहीत, लो वरच आणि हाय खालीच, तर कॉम्प्रेसर दाबत नाही, त्याचे आतले व्हॉल्व्ह गेले. उलट हाय साइड खूप चढते, तीनशेच्या वर, तर कॉम्प्रेसर चांगला आहे, पुढचा फॅन चालत नाही किंवा कंडेन्सर (रेडिएटरपुढची, गॅस थंड करणारी जाळी) चोंदलाय. आमच्याकडे कापसाची धूळ, गव्हाचा भुसा, फुलपाखरं काय काय अडकलेलं असतं त्या जाळीत. पाण्याने, कमी प्रेशरने, जाळीच्या पट्ट्या न वाकवता धुवून काढा आणि मग परत गेज बघा.

दरवर्षी गॅस भरावा लागतो म्हणजे लीक आहे. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. जिथून गॅस जातो तिथून तेलही थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, क्लचच्या मागे, पाइपच्या जोडावर काळपट ओलसर डाग शोधा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. तोंडाशी डाग असेल तर शाफ्टचं सील गेलंय. हे सील काही शे रुपयांचं असतं पण गॅस काढून, क्लच उतरवून बसवावं लागतं, म्हणून बरेच जण त्या भानगडीत न पडता पूर्ण कॉम्प्रेसर बदला म्हणतात. सील बदलून देणारा शोधा, मिळतो.

बेअरिंग आणि कॉइल बदलणं

घरी करण्यासारखं काम आहे, जर कॉम्प्रेसरपर्यंत हात पोचत असेल आणि सर्क्लिप (कडीसारखी लॉक रिंग) काढायचा प्लायर आणि पुली ओढून काढणारा पुलर असेल तर. बॅटरीची निगेटिव्ह काढा, बेल्ट काढा. प्लेटचा मधला बोल्ट (बहुतेक १० चा किंवा १२ चा) काढा, प्लेट ओढून घ्या, शिम सांभाळा. मग सर्क्लिप, मग पुली. पुली अडकली असेल तर हातोडी मारू नका, पुलर लावा, शाफ्टवर ठोका बसला तर चांगलं सील पण खराब होतं. पुलीमागे अजून एक सर्क्लिप काढली की कॉइल निघते, कॉइलच्या पाठीवर एक उंचवटा असतो तो कॉम्प्रेसरच्या खाचेत बसतो, बसवताना तो जुळला का ते नक्की बघा.

बेअरिंग मात्र प्रेसवर काढून प्रेसवरच बसवून घ्या, लेथवाला शंभर-दीडशेत करून देतो. बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. आतल्या कड्यावर दाबलं तर नवं बेअरिंग महिनाभरात परत बोलायला लागतं. जुन्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो तो वाचून चांगल्या कंपनीचं घ्या, दोनशे रुपयांसाठी डुप्लिकेट घेऊ नका, कारण हेच बेअरिंग जाम झालं की पूर्ण पुली, कॉइल, बेल्ट सगळं घेऊन जातं. कॉइल, पुली, प्लेट तिन्ही खराब असतील तर पूर्ण क्लच सेट मिळतो, छोट्या गाड्यांना माझ्या बघण्यात तीन-चार हजारांत. शेवटी गॅप परत मोजायचा, पुली हाताने फिरवून कुठे घासत नाही ना बघायचं.

आतूनच गेला असेल तर

आता मेहुण्याची गोष्ट, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. त्याची डिझेल सेडान, अमरावतीला राहतो. कॉम्प्रेसर जाम झाला, एका ठिकाणी नवा टाकला, फक्त कॉम्प्रेसर, बाकी काही नाही, गॅस भरून गाडी दिली. चार महिन्यांत नवा पण जाम. तो माझ्याकडे आला तेव्हा आम्ही गाडी त्याच शेडमध्ये नेली. मेकॅनिकने गॅस काढून पाइप सोडला आणि आतलं तेल पांढऱ्या फडक्यावर पुसलं. करडं तेल आणि त्यात चांदीच्या चुऱ्यासारखे बारीक चमकणारे कण. पहिला कॉम्प्रेसर घासला तेव्हाचा सगळा भुगा लाइनमध्ये, कंडेन्सरमध्ये तसाच होता आणि तोच फिरून नव्यात गेला. त्या फडक्याचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

म्हणून कॉम्प्रेसर बदलायचा ठरला की पहिलं काम हेच, फडक्यावर तेल बघा, तुमच्यासमोर. तेल स्वच्छ असेल तर कॉम्प्रेसर, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) आणि ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) एवढ्यावर भागतं. चमक दिसली तर कंडेन्सर बदला, कारण त्याच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लश करून भुगा पूर्ण निघत नाही, हल्ली ड्रायर बऱ्याचदा कंडेन्सरलाच जोडलेला येतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) पण नवा. पाइप आणि कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागची थंड होणारी जाळी, क्लचची कॉइल नव्हे) एसीच्या फ्लशिंग लिक्विडने धुऊन नायट्रोजनने पूर्ण सुकवायची. पेट्रोल, थिनर, केरोसिनने धुणारे आहेत, त्यांना नको म्हणा, ते आत राहिलं तर तेलाची वाट लागते. ड्रायर तर कोणत्याही परिस्थितीत नवा, सिस्टिम उघडली की तो हवेतली ओल पिऊन बसतो.

आता कॉम्प्रेसर कुठला घ्यायचा. डीलरकडचा बॉक्स सगळ्यात महाग, पण तोच कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी वेगळी असते, सुब्रोस, डेन्सो, सँडन, हॅनन, अशांपैकी कुणीतरी, आणि त्यांच्या नावाने स्पेअरच्या बाजारात तो बऱ्याचदा स्वस्त पडतो. जुन्या कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरचा फोटो घेऊन पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या एसी पार्टच्या दुकानात विचारा. नंबर, पुलीच्या खाचा किती, पाइपचं तोंड, बोल्टची जागा, सगळं जुळलं पाहिजे.

रिकंडिशन्ड निम्म्या-पाऊण किमतीत मिळतो, पण लेखी वॉरंटी देणाऱ्याकडूनच. नुसतं बाहेरून सँडब्लास्ट करून रंग मारलेला पण रिकंडिशन्ड म्हणून विकतात. भंगारातला, म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातला, अॅक्सिडेंटच्या गाडीचा निघालेला, हा पण चांगला लागू शकतो पण दोन गोष्टी बघून. एक, त्याची गॅसची तोंडं बूच लावून बंद असली पाहिजेत, महिनोन् महिने उघडा पडलेला घेऊ नका, आतलं तेल हवेतली ओल ओढून खराब झालेलं असतं. दोन, प्लेट हाताने फिरवत दोन्ही तोंडांवर अंगठा धरा, एकीकडे ओढ आणि दुसरीकडे दाब जाणवला पाहिजे, आणि तेल फडक्यावर टिपून बघायचंच. माझं मत विचाराल तर गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर कंपनीचा नवा घ्या, वर्षभरात विकायची असेल तर चांगला रिकंडिशन्ड पुरे. भंगारातला फक्त ओळखीच्या मेकॅनिकने स्वतः तपासून दिला तरच.

बसवताना तुम्ही उभे राहून काय बघायचं

गॅस काढायचं काम घरी करू नका. आर-१३४ए डोळ्यात किंवा हातावर उडाला तर जागच्या जागी गोठवतो, आणि हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. मशीन असलेल्याकडे जा, तो गॅस ओढून घेतो आणि परत वापरतो.

तेलाचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल मापाच्या भांड्यात काढायचं आणि सिस्टिम स्वच्छ असेल तर तेवढंच नव्यात ठेवायचं, नवा बऱ्याचदा पूर्ण सिस्टिमचं तेल भरून येतो, जास्तीचं काढावं लागतं. लाइन धुतली असेल, कंडेन्सर बदलला असेल तर पूर्ण माप. तेल कोणतं ते कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर असतं, पॅग ४६ की पॅग १००, तेच घ्यायचं आणि डबा उघडा ठेवायचा नाही. ओ-रिंग सगळ्या नव्या, एसीच्याच, बसवताना तेलाचं बोट लावून. मग बेल्ट चढवायच्या आधी प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवायची म्हणजे आत साचलेलं तेल पसरतं.

मग व्हॅक्युम. इथे घाई करतात, दहा मिनिटं पंप लावला की झालं म्हणतात. किमान अर्धा-पाऊण तास पाहिजे आणि पंप बंद केल्यावर काटा वीसेक मिनिटं जागचा हलता कामा नये. हलला तर लीक आहे, गॅस भरू देऊ नका, आधी लीक काढा.

गॅस वजनावर भरायचा. बॉनेटखाली स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाड्यांत बऱ्याचदा साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या मध्ये. अंदाजाने, गॅसच्या लाइनवरच्या छोट्या काचेत बुडबुडे बघून, पाइप गार लागला की बस, असं नको. जास्त गॅस झाला तरी थंडावा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. कॅनने भरत असतील तर इंजिन चालू असताना फक्त लो साइडने आणि कॅन उभा, उलटा केला तर पातळ गॅस थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊन व्हॉल्व्ह तोडू शकतो. हाय साइडचा कॉक चालू इंजिनवर उघडला तर कॅन फुटू शकतो, हे गमतीत घेऊ नका. स्वस्तातला बिनबिलाचा गॅस नको, त्यात पेटणारा गॅस मिसळलेला असू शकतो. लीक बंद करणारं औषध पण टाकू देऊ नका, ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये घट्ट होऊन बसतं.

मेहुण्याचं बिल असं झालं: कंपनीचा नवा कॉम्प्रेसर ११,५००, ड्रायरसकट कंडेन्सर ३,८००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह ९००, तेल, ओ-रिंग, फ्लशिंग, गॅस धरून २,४००, मजुरी २,५००. म्हणजे २१,१००. कमी नाही, पण आधीचे वाया गेलेले सोळा हजार पहिल्याच वेळी यात गेले असते तर दुसऱ्यांदा खर्चच आला नसता. जुने सगळे पार्ट आम्ही परत मागून घेतले, तुम्ही पण घ्या, आणि बिलावर फ्लशिंग आणि ड्रायर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी कंपनी तेच आधी विचारते.

पहिली दहा मिनिटं एसी इंजिन आयडलवर ठेवून चालवा, रेस करू नका. काचा बंद, हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबून मधल्या जाळीत थर्मामीटर धरा, मेहुण्याच्या गाडीत बाहेर ३९ असताना ८ डिग्री आलं. गाडीखाली पाण्याचे थेंब पडायला लागले पाहिजेत. पंधरा दिवसांनी सगळ्या जोडांवर परत एकदा साबणाचं पाणी लावून बघा, आणि थंडीत एसी लागत नसला तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवत जा, शाफ्टचं सील तेलात राहतं.